छेद कुठून आणायचा? वेस्ट हॅमच्या मृत्युदराच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

जागा ठरली: वेस्ट हॅम. लंडनच्या पूर्वेला ली नदी ओलांडली की लागणारं हे गाव तेव्हा एसेक्स परगण्यात मोडत होतं. लिव्हरपूल आणि बेथनल ग्रीनवर भरपूर लिहून झालंय. मला अशी वस्ती हवी होती जी आधी जवळजवळ खेडं होती आणि दोन पिढ्यांत शहर झाली. तिथे माणसं कशाने आणि किती मेली, हे वर्षागणिक मांडायचं, एवढाच प्रकल्प.

पहिलं पान जनगणनेचं. १८५१ मध्ये पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची, लोकसंख्या १८,८१७. १८६१ मध्ये ३८,३३१, १८७१ मध्ये ६२,९१९, १८८१ मध्ये १,२८,९५३, १८९१ मध्ये २,०४,९०३ आणि १९०१ मध्ये २,६७,३५८. पन्नास वर्षांत चौदा पटींहून जास्त. मधल्या वर्षांचे आकडे अर्थातच नाहीत. ही सहा टोकं आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. मृत्यू मात्र दर तिमाहीला नोंदले जात होते, १ जुलै १८३७ पासून.

१२ जानेवारी

माणसं इथेच का आली? १८४४ च्या लंडनच्या इमारत कायद्याने घाण वास सोडणाऱ्या, आगीचा धोका असणाऱ्या धंद्यांवर शहराच्या हद्दीत बंधनं आणली. ली नदी ही हद्द. नदीच्या पलीकडच्या काठाला तो कायदा लागू नव्हता. मग रसायनं, साबण, हाडं उकळणं, खत हे सगळं पलीकडे सरकलं. १८४७ च्या सुमारास रेल्वेचा कारखाना वेस्ट हॅममधल्याच स्ट्रॅटफर्डला आला, १८५२ मध्ये सिल्व्हर कंपनीने टेम्सकाठी रबराचा कारखाना काढला आणि तिच्याच नावावरून त्या भागाला सिल्व्हरटाउन म्हणू लागले. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया गोदी उघडली. टेटचा साखरेचा कारखाना १८७८ चा.

कामगारांची घरं उठली ती पाणथळ जमिनीवर. कॅनिंग टाउन आणि प्लेस्टोच्या खालच्या अंगाची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. उतारच नाही, तर सांडपाणी जाणार कुठे? घरामागच्या चरांत साचून राहायचं. १८५५ मध्ये करदात्यांच्या अर्जावरून केंद्रीय आरोग्य मंडळाने निरीक्षक पाठवला, आल्फ्रेड डिकन्स. कादंबरीकाराचा धाकटा भाऊ, पेशाने इंजिनिअर. त्याच्या अहवालानंतर १८५६ मध्ये स्थानिक मंडळ स्थापन झालं. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशी सोय होती: दहा टक्के करदात्यांनी मागणी केली तर चौकशी, आणि मृत्युदर हजारी २३ च्या वर असेल तर मागणी नसतानाही.

हा २३ चा आकडा लक्षात ठेवायचा. कायद्याचा हात कुठल्या गावावर पडणार हे एका भागाकारावर ठरत होतं. अंश म्हणजे मृत्यू, ते नोंदवहीत होते. छेद म्हणजे लोकसंख्या. ती दहा वर्षांतून एकदाच मोजायची.

१९ जानेवारी

आजचा दिवस हद्दींमध्ये गेला. 'वेस्ट हॅम' नावाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे आकडे वेगळे. एक पॅरिश, म्हणजे जुनं गाव, पुढे १८८६ मध्ये बरो, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेलं शहर, झालं ते. दुसरा नोंदणी जिल्हा: त्यात ईस्ट हॅम, लेटन, वॉल्थमस्टो, वॉनस्टेड, वुडफर्ड, लिटल इलफर्ड हेही येतात. तिसरा त्याच्या आतला उपजिल्हा. जिल्ह्याचे मृत्यू घेऊन पॅरिशच्या लोकसंख्येने भागलं तर काहीच्या काही दर येतो. एका जुन्या तक्त्यात नेमकं हेच झालेलं दिसलं. तो तक्ता बाजूला ठेवला.

संध्याकाळी मामांना फोन केला. ते महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर नोकरीभर बसले. म्हटलं, मामा, माणूस एका हद्दीत राहतो आणि दुसऱ्या हद्दीत मरतो, तेव्हा तुम्ही काय करायचात?

"अगं, जिथे मरतो तिथे नोंद. यात विचारायचं काय? ज्या वॉर्डात मोठं हॉस्पिटल त्या वॉर्डाचा मृत्यूंचा आकडा कायम वर. नवीन साहेब आला की पहिल्या महिन्यात घाबरायचा. आम्ही म्हणायचो, साहेब, हॉस्पिटल आहे हो आपल्याकडे."

म्हणून शोधलं की वेस्ट हॅमचं 'हॉस्पिटल' कुठे होतं. युनियनचं, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी एकत्र आणलेल्या पॅरिशांच्या गटाचं, वर्कहाउस, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणारी सरकारी वास्तू, होलोवे डाउनला होतं, लेटन पॅरिशमध्ये. म्हणजे वेस्ट हॅमचा म्हातारा, कंगाल, क्षयाने खंगलेला माणूस शेवटी लेटनला जाऊन मरणार आणि लेटनच्या उपजिल्ह्यात नोंदला जाणार. गोदीत पाय चिरडलेला मजूर ली नदीपलीकडे पॉप्लरच्या अपघात रुग्णालयात, किंवा व्हाइटचॅपलला लंडन हॉस्पिटलात. तो तर परगण्याबाहेरच गेला. दोन्ही बाजूंनी वेस्ट हॅमचे मृत्यू गळतात, आणि गळतात ते नेमके सर्वांत गरिबांचे.

पत्रकात नवा रकाना: 'हद्दीबाहेरचे'. आरोग्य अधिकाऱ्याच्या अहवालात हा आकडा दिलेला असेल तरच भरायचा. अंदाज करायचा नाही.

२ फेब्रुवारी

१८६६ चा कॉलरा. हे प्रकरण मोठं आहे, आणि मला वाटलं होतं त्याहून वेस्ट हॅमच्या जवळचं.

लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथींचे आकडे सगळ्यांना माहीत असतात: १८४८–४९ मध्ये १४,१३७ मृत्यू, १८५३–५४ मध्ये १०,७३८, १८६६ मध्ये ५,५९६. शेवटची साथ लहान दिसते, पण ती सगळ्या शहरावर पसरलीच नाही. पश्चिम लंडन जवळपास सुटलं आणि पूर्व लंडन भाजून निघालं. कारण १८६६ पर्यंत इंजिनिअर बॅझलजेटच्या मोठ्या गटारांचं जाळं बरंचसं सुरू झालं होतं, पण पूर्वेच्या सखल भागाचं सांडपाणी वर उचलणारं ॲबी मिल्सचं पंपिंग स्टेशन १८६८ मध्ये उघडलं. दोन वर्षं उशीर. आणि ॲबी मिल्स कुठे? वेस्ट हॅमच्याच जमिनीवर. लंडनचा मैला वाहून नेणारी उत्तरेची महावाहिनी वेस्ट हॅमच्या डोक्यावरून, बांधावरून, बेक्टनच्या दिशेने जात होती. पण वेस्ट हॅम ही गटारं बांधणाऱ्या लंडनच्या महानगर मंडळाच्या हद्दीत नव्हतं, त्यामुळे त्या वाहिनीत वेस्ट हॅमचं सांडपाणी सोडायला परवानगी नव्हती. दुसऱ्याची घाण अंगणातून जाणार आणि आपली अंगणातच राहणार.

२७ जून १८६६ ला पूर्व लंडनमधल्या ब्रॉमलीत एक मजूर आणि त्याची बायको कॉलऱ्याने गेली. त्यांच्या घरचा संडास ली नदीत सुटत होता, ओल्ड फर्डच्या जलाशयापासून फार लांब नाही. ओल्ड फर्डहून ईस्ट लंडन वॉटरवर्क्स कंपनी पाणी पुरवायची. १८५२ च्या कायद्याप्रमाणे पाणी गाळूनच द्यायचं आणि साठा झाकलेला ठेवायचा, असं बंधन होतं. कंपनीच्या इंजिनिअरने टाइम्समध्ये पत्र लिहून छातीठोकपणे सांगितलं की न गाळलेल्या पाण्याचा थेंबही आम्ही दिलेला नाही. मग दोन ग्राहकांनी सांगितलं की आमच्या नळातून ईल मासे निघाले. गाळणीतून ईल कसा येईल? उघड्या तलावांचं पाणी वापरल्याचं कंपनीला अखेर कबूल करावं लागलं. प्रिव्ही कौन्सिल या सरकारी मंडळातर्फे नेटन रॅडक्लिफने चौकशी केली.

या सगळ्यात मला विल्यम फार हा माणूस महत्त्वाचा वाटतो. नोंदणी महासंचालकाच्या कार्यालयातला हा आकडेवाला. १८४९ च्या साथीनंतर त्याने मांडलं होतं की टेम्सपासून जमीन जितकी उंच तितका कॉलरा कमी, आणि कारण म्हणून दूषित हवेकडे बोट दाखवलं होतं. १८५४ मध्ये जॉन स्नोने दक्षिण लंडनमध्ये पाण्याच्या कंपन्यांनुसार मृत्यू मोजले: साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लँबेथ कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. रस्ता तोच, शेजार तोच, नळ वेगळा. स्नो १८५८ मध्ये वारला. १८६६ मध्ये फारने आपले तक्ते पाण्याच्या कंपन्यांनुसार मांडले आणि पाण्याच्या बाजूने उभा राहिला. आकडे पाळणाऱ्या माणसाने आकड्यांचं ऐकलं, हे वाटतं तितकं नेहमी घडत नाही.

स्नोच्या छेदाकडेही पाहायला हवं. त्याने माणसं घेतली नाहीत, घरं घेतली. कंपनीने किती घरांना पाणी दिलं हे संसदेला दिलेल्या विवरणात होतं. माणसांचा भरवशाचा आकडा नव्हता, म्हणून हाताशी असलेला भरवशाचा आकडा घेतला.

आता माझ्या कामाचा मुद्दा: ५,५९६ मध्ये वेस्ट हॅम नाही. स्ट्रॅटफर्डला तीच कंपनी, तेच पाणी, त्याच उन्हाळ्यात मृत्यू झाले, पण नोंदणीच्या दृष्टीने हा एसेक्स. लंडनच्या साप्ताहिक आकड्यांत हे मृत्यू मिसळत नाहीत. तक्त्यावर टीप टाकली.

१० फेब्रुवारी

कारणांचे रकाने. थोडक्यात:

टायफस आणि टायफॉइड नोंदणी खात्याने १८६९ पासून वेगळे दाखवले. त्याआधी दोन्ही एकत्र. म्हणून आलेखात तिथे उभी रेघ, मागचं-पुढचं जोडायचं नाही.

'दात येणे', 'आकडी', 'जन्मजात अशक्तपणा' ही लहान मुलांच्या मृत्यूची कारणं म्हणून हजारोंनी लिहिलेली. दात येऊन कोणी मरत नाही. यातले बरेच हगवणीचे किंवा उपासमारीचे असणार, पण किती ते सांगता येणार नाही. वाटण्या करणार नाही, आहे तसं ठेवणार.

डॉक्टरने मृत्यूचं कारण लेखी देण्याची सक्ती १८७४ च्या कायद्याने झाली. त्याआधीची कारणं घरच्यांनी सांगितलेलीही असू शकतात.

१७ फेब्रुवारी

आज छेदाला भिडले. इतके दिवस टाळत होते.

जनगणना होऊन गेली की पुढच्या दहा वर्षांसाठी दरवर्षीची लोकसंख्या अंदाजाने काढायची. नोंदणी महासंचालकाची नेहमीची रीत अशी: मागच्या दशकात ज्या दराने वाढ झाली त्याच दराने पुढेही होत राहील असं धरायचं. चक्रवाढ व्याजासारखं. ठरीव गावाला हे चालून जातं. वेस्ट हॅमला लावून पाहिलं.

१८६१ ते १८७१ मध्ये वाढ वर्षाला सुमारे ५.१ टक्के. तीच पुढे धरली तर १८८१ ची लोकसंख्या येते सुमारे १,०३,३००. प्रत्यक्षात निघाली १,२८,९५३. म्हणजे अंदाज पंचवीस हजारांनी कमी. आता १८७१ ते १८८१ चा दर घ्या, वर्षाला ७.४ टक्के. तो पुढे धरला तर १८९१ ला यायला हवेत सुमारे २,६४,३०० लोक. प्रत्यक्षात २,०४,९०३. इथे अंदाज जवळजवळ साठ हजारांनी जास्त!

याचा मृत्युदरावर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठी समजा की खरा दर सगळा काळ हजारी २० च राहिला. कोणी सुधारलं नाही, कोणी बिघडवलं नाही. तर या पद्धतीने १८८१ च्या जनगणनेच्या तोंडावर तो दिसेल २५, आणि १८९१ च्या तोंडावर दिसेल १५.५. दहा वर्षांत मृत्युदर जवळपास चाळीस टक्क्यांनी घटला! गटारं, नळ, आरोग्य निरीक्षक, सगळ्यांना शाबासकी. आणि प्रत्यक्षात काहीच झालेलं नाही. ७० च्या दशकात वस्ती अंदाजापेक्षा भरभर वाढली आणि ८० च्या दशकात अंदाजापेक्षा सावकाश, एवढंच.

हा माझा काल्पनिक हिशेब आहे, २० हा आकडा सोयीसाठी धरलेला. वेस्ट हॅमच्या अधिकाऱ्यांनी डोळे मिटून ही रीत वापरली असं माझं म्हणणं नाही. कर भरणाऱ्या घरांची संख्या त्यांच्याजवळ होती आणि घरामागे माणसं धरून अंदाज काढण्याची पद्धतही तेव्हा चालायची. पण कुठल्या अहवालात कोणता छेद वापरलाय हे पाहिल्याशिवाय त्यातला दर उचलायचा नाही. प्रत्येक दरामागे आता माझ्या पत्रकात 'छेदाचा उगम' असा रकाना आहे.

आणि हो, २३ चा कायदा. खरा दर २० असलेलं गाव २५ दिसलं तर सक्तीच्या कक्षेत, १५.५ दिसलं तर आदर्श. १८८१ पर्यंत कायदा बदलला होता हे खरं, पण दराकडे बघण्याची नजर तीच राहिली.

२० फेब्रुवारी

दोन्ही जनगणना हाती असताना मधली वर्षं पुन्हा काढली. १८७६ च्या मध्यासाठी चक्रवाढीने सुमारे ९१,७००, सरळ रेषेने सुमारे ९७,६००. फरक सहा टक्क्यांच्या आसपास. मी चक्रवाढ घेतली आणि दर एका पूर्णांकापर्यंतच लिहायचे ठरवले. दशांश चिन्हाच्या पुढचा आकडा इथे निव्वळ दिखावा आहे.

१ मार्च

पुतण्याने आलेख पाहून विचारलं, "काकू, नवीन आलेली माणसं तरुण असतील ना? मग मृत्युदर आपोआप कमी नाही का दिसणार?" बरोबर विचारलं, पण उत्तर सरळ नाही.

गोदीत, गॅसवर, साखरेच्या कारखान्यात कामाला येणारे विशी-तिशीतले. या वयात मरण कमी. म्हातारे गावी राहिलेले, त्यामुळे त्यांचे मृत्यू इथे नाहीत. दर खाली. पण या तरुण जोडप्यांना मुलं होतात, खूप होतात, आणि व्हिक्टोरियन काळात पहिलं वर्ष हे आयुष्यातलं सर्वांत धोक्याचं. हजार वस्तीमागे ४० जन्म धरा आणि त्यातल्या हजारी १६० मुलांचा पहिल्या वर्षात मृत्यू धरा: फक्त तान्ह्या मुलांमुळेच मृत्युदरात ६.४ ची भर. जन्म ३० असतील तर ४.८. म्हणजे तरुण वस्ती दराला एकाच वेळी खालीही ओढते आणि वरही ढकलते. निव्वळ दरावरून कोणती ओढ जिंकली ते कळत नाही.

मजुरांच्या आरोग्यावरच्या चॅडविक या सुधारकाच्या १८४२ च्या अहवालातल्या त्या प्रसिद्ध सरासरी वयांची अडचणही इथलीच. लिव्हरपूलचे मजूर सरासरी १५ व्या वर्षी मरत, रटलंड या ग्रामीण परगण्यातले ३८ व्या. भयंकर वाटतं, आणि लिव्हरपूल भयंकर होतंच. पण जिथे मुलं जास्त तिथे मरणाऱ्यांतही मुलं जास्त, त्यामुळे सरासरी वय खाली येणारच, आरोग्य कसंही असो. नीसन नावाच्या विमागणितज्ञाने १८४४ मध्येच हे दाखवून दिलं: एका भागाचे वयवार मृत्युदर दुसऱ्या भागाच्या लोकसंख्येला लावून बघा, मग तुलना करा. आज आपण वयानुसार प्रमाणित दर म्हणतो तो तिथून सुरू होतो. पाठ्यपुस्तकांत मात्र चॅडविकचे १५ आणि ३८ राहिले, नीसन तळटिपेतही नाही.

९ मार्च

बालमृत्युदराकडे वळले, आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. याचा छेद जन्म आहेत, लोकसंख्या नाही. जन्म दरवर्षी नोंदले जातात, जनगणनेची वाट पाहावी लागत नाही. धावत्या वस्तीसाठी हाच भरवशाचा आकडा.

भरवशाचा म्हणजे तुलनेने. १८७४ च्या कायद्याआधी जन्म नोंदवण्याची जबाबदारी पालकांवर दंडासकट नव्हती. काही जन्म सुटायचे, आणि सुटलेल्या मुलाचा मृत्यू मात्र नोंदला जायचा, कारण पुरायला दाखला लागे. म्हणजे जुना बालमृत्युदर थोडा फुगलेला. मृतजात मुलांची नोंद १९२७ पर्यंत नव्हतीच. शिवाय सहा महिन्यांचं मूल घेऊन पॉप्लरहून कॅनिंग टाउनला आलेलं कुटुंब: जन्म तिकडे, मृत्यू इकडे.

पण चित्र मात्र स्पष्ट दिसतं. इंग्लंडमध्ये एकूण मृत्युदर शतकाच्या उत्तरार्धात उतरत गेला आणि बालमृत्युदर जागचा हलला नाही. हजार जन्मांमागे १५० च्या आसपास पन्नास वर्षं. १८९९ मध्ये तर १६३. मग एकदम घसरण, १९१० मध्ये १०५. देवी, टायफॉइड, कॉलरा मागे हटले तरी तान्ही मुलं मरतच होती, उन्हाळी हगवणीने. ९० च्या दशकातले कोरडे, तापलेले उन्हाळे, घोड्यांची लीद, माश्या, साय काढलेलं डब्यातलं दूध, आणि लांब रबरी नळीची दुधाची बाटली, जी आतून धुताच येत नसे. त्यात १८९५, १८९६ आणि १८९८ मध्ये पूर्व लंडनला पाण्याचा दुष्काळ, नळाला दिवसातून काही तासच पाणी. पुरवठा त्याच कंपनीचा.

मोठी गटारं आणि मोठे जलाशय बांधून कॉलरा थांबला. बाटली कशी धुवायची, आई कामावर गेल्यावर मुलाला कोण पाजणार, मागच्या अंगणात कचरा किती दिवस राहणार, हे इंजिनिअरच्या नकाशात येत नव्हतं.

१६ मार्च

मामांना मृत्युदराचा तो २५ आणि १५.५ चा खेळ समजावून सांगितला. ते म्हणाले, "आपल्याकडे उलटं झालं होतं. प्लेगात मुंबई रिकामी झाली, ते बघ."

पाहिलं. मुंबईत १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनरची व्यवस्था आली आणि विलायतेच्या धर्तीवर आरोग्य अधिकारीही. १८९१ च्या जनगणनेत शहरात ८,२१,७६४ लोक, १९०१ मध्ये ७,७६,००६. मध्ये १८९६ चा प्लेग. माणसं मेली, आणि कितीतरी जास्त माणसं कोकणात, घाटावर पळाली, काही परत आली, पुन्हा पळाली. त्या वर्षांचा दर १८९१ च्या लोकसंख्येवर काढला तर शहरात उरलेल्यांवर काय ओढवलं ते कळत नाही. उरलेल्यांचा धोका त्या दरापेक्षा मोठा होता. वेस्ट हॅममध्ये छेद धावत होता, मुंबईत तो बोटीत बसून निघून गेला.

मुंबई या प्रकल्पात घेणार नाही. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याची कागदपत्रं वेगळी. मामा म्हणाले, "मग तो माझा." बघू.

२३ मार्च

प्रकाशनापूर्वीचे निर्णय:

मुख्य आलेख बालमृत्युदराचा. एकूण मृत्युदर दुसऱ्या पानावर, आणि तोही पट्ट्याच्या रूपात: चक्रवाढीच्या आणि सरळ रेषेच्या छेदाने येणाऱ्या दोन दरांमधली जागा रंगवायची, एकच रेघ काढायची नाही. १८७५ च्या आधीचे जन्म वापरलेले भाग फिकट. १८६९ ला कारणांच्या आलेखात उभी रेघ. कॉलऱ्याच्या तक्त्यात लंडन आणि वेस्ट हॅम वेगळे, बेरीज नाही.

आरोग्य अधिकाऱ्यांचे अहवाल वेलकम संग्रहाने आंतरजालावर ठेवलेत, त्यातले वेस्ट हॅमचे खंड उतरवून घेतले. पुढचं काम लेटन उपजिल्ह्याचं. जिथे वर्कहाउसचा आकडा वेगळा दिलाय तेवढ्या वर्षांचे मृत्यू तिथून काढून मूळ पॅरिशकडे वाटायचे. जिथे दिलेला नाही ती वर्षं रिकामी राहतील. रिकाम्या चौकटी करड्या रंगात.